मॉस्कोपासूनचं अंतर

८ सप्टेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१५

निवृत्त होऊन सव्वादोन महिने झाले. आजपासून रोजनिशी. मलकापुरात एकोणतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला, आता स्वतःचं टाईमटेबल आखायला हरकत नाही. पाच वाजता उठणे (उद्यापासून). एक तास फिरणे. दुपारी 'सर्वांसाठी भूगोल' या माझ्या नियोजित पुस्तकाची दोन पानं. चहा दोनदाच.

ही वही कुणाला दाखवायची नाही. म्हणजे खरं लिहिता येईल. मी तसाही खरंच बोलतो.

दुपारी ३.४०

पुस्तकाचं पहिलं पान घेऊन बसलो आणि लाईट गेली. बायकोने, म्हणजे शकुंतलेने, शोकेसमधून पत्त्यांचा डबा काढला. म्हणाली, "बसल्या बसल्या हे तरी पाहा."

डबा गार्गीचा. आमची गार्गी रशियात डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैत सुट्टीवर आली तेव्हा माझ्या हातात देऊन म्हणाली होती, "बाबा, तुमच्यासाठी आणले. तिकडची शहरं हायेत याच्यात." मी छान छान म्हणून शोकेसमध्ये ठेवला. पोरगी दीड महिना घरात होती, मी झाकण उघडलं नाही. रोज विचार केला की निवांत बघू. निवृत्त माणसाला निवांतपणा मिळत नाही, हे लोकांना कळत नाही.

आज उघडला. अठ्ठेचाळीस पत्ते. प्रत्येकावर एक शहर, फोटो, रशियन अक्षरांत नाव. त्याखाली बारीक पेनने मराठीत नाव. गार्गीचं अक्षर. अठ्ठेचाळीसही पत्त्यांवर. मला वाचता यावं म्हणून कधीतरी एकटी बसून लिहिलं असणार.

कसंसंच झालं. तरी म्हटलं, उघडला नाही म्हणजे जपून ठेवला असाही अर्थ होतो.

खेळ सोपा आहे. पत्त्यावर तीन आकडे: वसल्याचं साल, लोकसंख्या, मॉस्कोपासूनचं अंतर. पत्ते अर्धे अर्धे वाटायचे. ज्याची पाळी त्याने आकडा निवडायचा. ज्याचा आकडा मोठा तो दोन्ही पत्ते उचलणार. सालात मात्र जुनं ते भारी. मला पहिल्याच झटक्यात मॉस्को आलं. मी मिशीवरून हात फिरवला. पाळी हिची होती, हिने अंतर निवडलं. मॉस्कोचं मॉस्कोपासून अंतर शून्य. हिच्याकडे 'तुला' नावाचं गाव होतं, एकशे त्र्याण्णव किलोमीटर. राजधानी गेली.

शकुंतला म्हणाली, "तुला काय नाव झालं? आपल्याकडं तं तुले म्हनतात."

एकूण तीन डाव झाले. तिन्ही हरलो. लाईट नसल्यामुळे आकडे नीट दिसत नव्हते.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाचला उठलो नाही. रात्री डोक्यात गावं फिरत होती.

आज मॉस्कोचं साल निवडलं, ११४७. समोर पुन्हा तुला. ११४६. एका वर्षाने हरलो. एवढं जुनं गाव आणि एकोणतीस वर्षांत आपण त्याचं नाव ऐकलं नाही.

शेवटी हिच्या हातून जो पत्ता पडला त्याच्यावर नाव होतं चिता. अंतर सहा हजार एकशे नव्याण्णव. माझे सगळे पत्ते झोपले. मी पत्ता उलटा करून ठेवला. हिने परत सुलटा केला.

इथे थोडं स्पष्टीकरण लिहून ठेवतो. गार्गी शिकते त्या गावाचं नाव चिता. सैबेरियात, पार पूर्वेला. गेल्या वर्षी ॲडमिशनचं पत्र आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. स्टाफरूममध्ये विचारलं, सर, पोरगी रशियात कुठं चालली? आता माझी मुलगी चितेला चालली, हे वाक्य बापाच्या तोंडून निघेल का? मी म्हणालो मॉस्को. निघून गेलं तोंडातून. मग गल्लीत तेच, नातेवाइकांत तेच, आणि माझ्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी माईकवरून तेच. टाळ्या पडल्या.

याला खोटं म्हणत नाहीत. बांगडी फुटली तर आपण वाढली म्हणतो. दुकानसुद्धा बंद करत नाही, वाढवतो. तसं हे शुभ बोलणं.

शकुंतलेला हे पटत नाही. ती म्हणते, "अशुभ टाळाचं होतं तं कोन्तंबी नाव घ्याचं. मॉस्कोच काऊन?"

या प्रश्नाला उत्तर द्यायची गरज वाटली नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

संकल्प: रोज पाच शहरं पाठ. दहा दिवसांत पूर्ण रशिया. महिन्याभरात रशियन भाषा.

प्रगती समाधानकारक. ओम्स्क वेगळं, तोम्स्क वेगळं. तोम्स्क जुनं, ओम्स्क मोठं. (काल उलटं समजत होतो, त्यात दोन डाव गेले.) उफा म्हटलं की खुर्चीत टेकल्यासारखं वाटतं. मगादान ऐकून शकुंतला म्हणाली, दारात कोणी दान मागायला आलं का? योश्कार-ओला आलं तेव्हा म्हणाली, "अन् योश्कार-सुका कोठी हाय?" नाबेरेझ्निये चेल्नी या एका गावाला दोन दिवस लागले.

रशिया मी एका तासात शिकवायचो. मोठा देश, थंड हवा, गहू, लाकूड, पुढे चला. परीक्षेला दोन मार्कांचं येतं. एकदा आठवीत एका मुलीने हात वर करून विचारलं होतं, सर, तिथं गावं कोणकोणती हायेत? मी म्हणालो, परीक्षेला नाही, बस खाली.

दुपारभर आठवत होतो ती मुलगी कोण. संध्याकाळी आठवलं. आठवीला गार्गी माझ्याच वर्गात होती.

जेवण कमी गेलं. चहा चारदा.

१५ सप्टेंबर, सोमवार

समोरचे गुलाबराव दुपारी आले. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, या दिवसांत गिऱ्हाईक कमी. ते येताना दिसले तसा मी चिताचा पत्ता काढून या वहीत ठेवला. पितृपक्ष चालू आहे. अशा पंधरवड्यात आल्यागेल्याच्या हातात तसलं नाव देणं बरं नव्हे. दुसरं काही कारण नाही.

गुलाबरावांनी पहिला प्रश्न तोच विचारला: "याच्यातलं गार्गीचं गाव कोन्तं?"

मी मॉस्को काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, मग पत्ता घेऊन थेट आपल्या दारात गेले आणि बेबीताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, दाखवला. "पाह्य, आपली पोरगी इथं राह्यते." बेबीताईंनी हात पुसून पत्ता घेतला आणि म्हणाल्या, लय झगमग हाय, पोरीले झोप लागते का तिथं.

परत आल्यावर गुलाबरावांनी विचारलं, आता काय करत असेल ती? आमचे चार वाजले होते. मी लगेच सांगितलं, तिकडे दीड वाजलाय, जेवत असेल. चिताचे किती वाजले असतील ते मला नंतर बोटांवर मोजावं लागलं. साडेसात. अंधार पडला असेल, पोरगी रूमवर असेल. मॉस्कोची वेळ मला तोंडपाठ आहे आणि मुलीची नाही.

शकुंतला पूर्ण वेळ तुरीची डाळ निवडत होती. आधी निवडून झालेली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हिने पत्ते मोजले. सत्तेचाळीस. काही बोलली नाही. भाजीत मीठ नव्हतं, तेही सांगितलं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

टीव्हीवर ड्रोन हल्ल्याच्या भीतीने मॉस्कोचं विमानतळ काही तास बंद ठेवल्याची बातमी. मी चहा पीत ऐकली आणि चॅनल बदललं. पाच मिनिटांत गुलाबराव आणि बेबीताई धावत आले. पोरीचा फोन लागला का? खिडकीजवळ झोपू नको म्हना तिले. मला सुरुवातीला कळेचना की हे इतके का घाबरलेत. मग कळलं, आणि मग मलाही घाबरलेलं दिसणं भाग होतं. डोकं धरून बसलो. बेबीताईंनी मला साखरपाणी दिलं. मी प्यालो.

जाताना बेबीताई म्हणाल्या, "सर, मी महाराजाले बोलली. पाच गुरुवार शेगावले येईन, पोरगी सुखरूप ठेव."

बेबीताईंचे दोन्ही गुडघे गेलेले. घरातून अंगणात यायला त्यांना भिंत धरावी लागते.

२१ सप्टेंबर, रविवार

झोप नाही. निर्णय पक्का: सांगून टाकायचं. पण आज सर्वपित्री. उद्यापासून नवरात्र, बेबीताईंचे उपास असतात, उपाशी माणसाला धक्का देऊ नये. म्हणून दसरा. सोनं देताना सांगायचं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, आणि गार्गी मॉस्कोत नाही. वाक्य दहा वेळा म्हणून पाहिलं. छान बसतं.

मोठं ओझं उतरलं. जवळपास सांगितल्यासारखंच आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बेबीताईंचा पहिला गुरुवार. प्रायश्चित्त म्हणून त्यांची पिशवी घेऊन स्टेशनवर गेलो. पुलाच्या पायऱ्या त्या एकेक करून, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवत चढल्या. मी मोजल्या नाहीत. मोजवल्या नाहीत. मध्ये थांबून म्हणाल्या, "तुमी काऊन आले सर, तुमाले त्रास."

पॅसेंजर चाळीस मिनिटं लेट. त्या चाळीस मिनिटांत सांगता आलं असतं. पण दसरा ठरला आहे, आणि एकदा ठरवलेलं मी बदलत नाही.

संध्याकाळी त्यांनी प्रसाद आणून दिला. हातात घेतला, तोंडात घालवेना. शकुंतलेने माझ्यासमोर दोन्ही वाटे खाल्ले.

२८ सप्टेंबर, रविवार

गार्गीचा व्हिडिओ कॉल. आमचे पाच, तिचे साडेआठ. (न मोजता सांगितलं.) मी सांगितलं की सत्तेचाळीस शहरं पाठ झाली. म्हणून दाखवली. समारा, सारातोव, पेन्झा, बर्नाउल, उलान-उदे. ती इतकी हसली की मोबाईल हलायला लागला. एवढी खूश मी तिला दहावीच्या निकालानंतर पाहिली नव्हती.

मग विचारलं, "बाबा, माहं कार्ड आलं का तुमच्याकडं?"

म्हणालो, हो, आलं ना.

तिने सांगितलं की चिता हे आधी नदीचं नाव, मग गावाचं. दुसरी एक नदी आहे इंगोदा, दोन्ही तिथे मिळतात. थंडी खूप पण ऊनही खूप, कॉलेजच्या जिन्यात सकाळी इतकं ऊन येतं की त्या सगळ्या मुली तिथेच पुस्तकं घेऊन बसतात. मी भूगोलाचा मास्तर. मुलीला तिथे जाऊन वर्ष झालं. गावाला नदी आहे का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

विचारणार कसं? मी तिच्याशी बोलतानाही त्या गावाचं नाव घेत नाही. 'तुमच्याकडे' म्हणतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी सहा: आजच.

रात्री साडेआठ: झालं नाही. पण चूक माझी नाही.

गुलाबराव सोनं घेऊन आले. मी घसा साफ केला, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, आणि" इथपर्यंत आलो. तेवढ्यात त्यांनीच बातमी दिली. त्यांची भाची सारिका, डोणगावची, बारावी झालेली, तीही डॉक्टरीला रशियाला चालली आहे. दिवाळीनंतर. "गार्गी हाय तिथंच," ते म्हणाले. बहीण तयार नव्हती, पोरीला एवढ्या लांब पाठवायला. गार्गी जवळ आहे म्हटल्यावर हो म्हणाली.

माझ्या हातातली आपट्याची पानं खाली पडली. एक मुलगी माझ्या शब्दावर मॉस्कोला चालली आहे, आणि गार्गी तिच्यापासून सहा हजार एकशे नव्याण्णव किलोमीटरवर.

गुलाबराव थोडा वेळ माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "सर, तुमी काई सांगत होते?"

मी म्हणालो, पाऊस लांबला यंदा.

ते म्हणाले, हो, लांबला. आणि अजून थोडे थांबले. मग गेले.

५ ऑक्टोबर, रविवार

प्लॅन अ: गार्गीला सांगायचं, दोन दिवस मॉस्कोला जाऊन ये, सारिकाला उतरवून घे. रेल्वेने बघितलं. पाच दिवस लागतात. एका बाजूने.

प्लॅन ब: पत्र. गुलाबरावांना सविस्तर पत्र. चार मसुदे केले. पहिल्यात मी दोषी आहे. दुसऱ्यात परिस्थिती दोषी आहे. तिसऱ्यात मराठी भाषा दोषी आहे. चौथा सर्वांत चांगला झाला, पण वाचल्यावर कळलं की त्यात मूळ गोष्ट लिहायचीच राहिली.

प्लॅन क: सुचल्यावर लिहीन.

पुस्तकाचं पहिलं पान अजून तसंच आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

सारिका मामाकडे आली आहे. दुपारी आमच्याकडे खेळायला आली. बारीक अंगाची, कमी बोलणारी. पत्ते झटपट वाटते. रशियन अक्षरं तिला वाचता येतात, यूट्यूबवर शिकली म्हणे. माझं ओम्स्क-तोम्स्क तिने अगदी हळू आवाजात दुरुस्त केलं.

खेळ संपल्यावर तिने पत्ते मोजले आणि म्हणाली, "सर, एक पत्ता कमी हाय. चिता."

कमी आहे हे ठीक, पण नेमका कोणता कमी आहे हे तिला कसं कळलं, असा प्रश्न माझ्या मनात येऊन गेला. हुशार मुलगी, डब्याच्या मागे यादी छापली आहे, तिथे बघितलं असेल. मी सांगितलं, हरवला.

"अच्छा," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. शकुंतलेकडे बघितलं.

या वयात निरीक्षण चांगलं असतं, खोली नंतर येते.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

आज नको.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

बेबीताईंचा पाचवा गुरुवार. आज शकुंतला त्यांच्याबरोबर गेली. मला नेलं नाही. मी नको म्हणालो असं तिने त्यांना सांगितलं. मी तसं म्हणालो नव्हतो, पण म्हणणार होतो.

२९ ऑक्टोबर, बुधवार. रात्री ८

प्लॅन क सुचला आणि अमलातही आणला. पार पाडला असं मात्र म्हणता येणार नाही.

गुलाबरावांना सांगणं जड जातं ते शेजारामुळे. पण खरा हक्क सारिकाच्या आईचा, पुष्पाबाईंचा. थेट डोणगावला जाऊन सांगावं. शकुंतलेला सांगितलं, जातो आणि सांगतो. तिने तीन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलून डबा दिला. सकाळच्या एसटीने निघालो. बुलढाण्याला बदलली, मेहकरला बदलली, दुपारी दीडला डोणगाव. पूर्ण रस्ता वाक्य घोकत होतो: पुष्पाबाई, गार्गी मॉस्कोत नाही. सहा शब्दसुद्धा नाहीत.

पुष्पाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. मला बघून शेजारची चार-पाच माणसं आली. रशियावाले सर आले म्हणून अजून आठ-दहा आली. कुणीतरी खुर्ची आणली. कुणीतरी म्हणालं, सर, तिकडचं काई सांगा.

मी उभा राहिलो. एकोणतीस वर्षांची सवय, समोर माणसं बसली की उभा राहतो. तोंड उघडलं आणि मॉस्को बाहेर पडलं. जमिनीखालची रेल्वे सांगितली. संगमरवरी खांब सांगितले. नदी, घुमट, बर्फ सांगितला. चाळीस मिनिटं. मी कधीही मॉस्कोला गेलेलो नाही. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, तुमची पोरगी जमिनीखालच्या गाडीनं कॉलेजले जाते का? मी म्हणालो, रोज.

सारिका दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. एकदा तिने ओठ दाबले. मला वाटलं, भारावली.

निघताना पुष्पाबाई एवढंच म्हणाल्या, "सर, गार्गी तिले घ्याले येईन ना?"

मी म्हणालो, येईल.

एसटीत खिडकीशी बसलो. मेहकर येईपर्यंत डबा उघडायची हिंमत झाली नाही. उघडला तर त्यात पुरणपोळी होती. मी सत्य सांगून येणार म्हणून हिने सकाळी पाचला उठून पुरण घातलं होतं.

घरी आल्यावर हिने विचारलं, सांगितलं? मी म्हणालो, वातावरण तयार करून आलो.

३ नोव्हेंबर, सोमवार

हिने आज स्वच्छ सांगितलं. "तुमी म्हनता नाव वाईट हाय. पोरगी तिथं राह्यते, तिथं जेवते, तिथं शिकते. तिच्या गावाचं नाव बाप घेत नाई, हे तिले समजत नसन का? ती कॉलवर तोंडाकडं पाह्यते तुमच्या. मी बाजूले बसेल असतो, मले दिसते."

काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही शोधलंही नाही. हे रोजनिशीत पहिल्यांदाच.

गेल्या वर्षी गार्गी निघाली तेव्हा घरचे सगळे स्टेशनवर गेले. मी पेपर तपासायचे म्हणून घरी थांबलो. पेपर नव्हते. प्लॅटफॉर्मवर चारचौघांत कुणी विचारलं असतं आणि तिच्यादेखत मला मॉस्को म्हणावं लागलं असतं. म्हणून गेलो नाही. हे आजवर कुणाला माहीत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १

सारिका गेली. आज मी स्टेशनवर गेलो.

सगळे होते. पुष्पाबाई डोणगावहून जीप करून आलेल्या, गुलाबराव, बेबीताई, शकुंतला. मुंबईची गाडी यायला वीस मिनिटं होती. मी सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. गार्गी मॉस्कोत नाही. कधीच नव्हती. ती चिता नावाच्या गावात आहे, ते मॉस्कोपासून सहा हजार एकशे नव्याण्णव किलोमीटर आहे, मी वर्षभर तुमच्याशी खोटं बोललो, डोणगावला बोललो ते तर सगळंच खोटं, सारिकाला तिथे घ्यायला कुणी येणार नाही, बेबीताईंचे पाच गुरुवार माझ्यामुळे वाया गेले. एका दमात. खिशातून पत्ता काढून सारिकापुढे धरला.

गुलाबराव म्हणाले, "माईत हाय सर."

सारिका सप्टेंबरपासून गार्गीशी इन्स्टाग्रामवर बोलते. तीही चितालाच चालली आहे. त्याच कॉलेजात, गार्गीच्याच होस्टेलवर. दसऱ्याच्या आधीपासून सगळ्या घराला माहीत. 'गार्गी हाय तिथंच' म्हणजे तिथंच.

मग मला सांगितलं का नाही? गुलाबराव चपलेने प्लॅटफॉर्मवरचा एक खडा ढकलत म्हणाले, "तुमी सांगान म्हून थांबलो."

पुष्पाबाईंना विचारलं, डोणगावला मी चाळीस मिनिटं बोललो तेव्हा तुम्हाला माहीत होतं? त्या म्हणाल्या, समद्याईले माईत होतं. "पन तुमी लय मन लावून सांगत होते. आमी म्हटलं, ऐकून घेऊ."

बेबीताईंकडे बघायची सोय नव्हती. तरी विचारलं, दुसऱ्या गुरुवारच्या आधीच तुम्हाला कळलं होतं, मग पुढचे चार कशाला केले? त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "पोरगी कोठीबी असो सर. गुरुवार तं गुरुवार हाय."

गाडी आली. सारिका माझ्या पाया पडली. पत्ता परत माझ्या हातात देऊन म्हणाली, "मले कायले? मी तिथंच जाऊन राह्यली. तुमाले खेळाले लागन." आणि चढली.

गाडी गेल्यावर शकुंतला माझ्या शेजारून चालली. पिशवी माझ्याकडून घेतली.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ६

पाचला गार्गीचा कॉल. आज तयारीने बसलो होतो. तिने बोलायच्या आधी म्हणालो, "गार्गी, चितामध्ये थंडी किती आहे?"

ती थांबली. मग म्हणाली, उणे अठरा. मी सगळं सांगितलं. स्टाफरूम, निरोप समारंभ, पेपर नव्हते तेही. माफ कर म्हणालो. आयुष्यात विद्यार्थ्याला पहिल्यांदा म्हणालो.

तिने नाक पुसलं. म्हणाली, "मले माईत होतं बाबा. आई सांगे. मले राग नाई." आणि मग इकडे तिकडे बघून, आवाज खाली करून म्हणाली, "तुमी खरं सांगून राह्यले तं मीबी सांगतो. सारिकानं इथं घोटाळा केला."

सारिका पोचली आठ तारखेला, शनिवारी. पहिल्याच जेवणाला मेसमध्ये सगळ्या मुलींसमोर तिला एकीने विचारलं, तू कुठली? सारिका म्हणाली, बुलढाणा जिल्हा, गार्गीताईच्या मलकापूरजवळची. सगळ्या गार्गीकडे बघायला लागल्या. कारण गार्गीने सव्वा वर्षापासून सगळ्यांना सांगितलं आहे की ती मुंबईची. घर समुद्रासमोर. खिडकीतून लाटा दिसतात.

मी विचारलं, का? म्हणाली, पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, मलकापूर सांगितलं तर तीनदा परत विचारलं, मग मुंबई तोंडातून निघून गेलं.

मला वाईट वाटलं. खरोखर वाईट. मलकापुरात काय कमी आहे? मेन लाईनवरचं गाव. कापसाची एवढी मोठी बाजारपेठ. मुलीला आपल्या गावाची लाज वाटावी? मी तसं बोलायला तोंड उघडलं. शकुंतला माझ्याकडे बघत होती. मिटलं.

गार्गी म्हणाली, बाबा, तुम्ही सारिकाला फोन करून जरा समजावा ना. ती तुमचं ऐकते.

खोटं बोलायची ही सवय पोरीला कुठून लागली, कळत नाही. आमच्या घरात कुणाला नाही. पण परक्या देशात एकटी आहे, तिला सांभाळून घेतलं पाहिजे. उद्या सकाळी सारिकाला फोन करायचा. शांतपणे सांगायचं की मलकापूर ते मुंबई एका गाडीत जाता येतं, मध्ये बदलावी लागत नाही. म्हणजे भूगोलाच्या दृष्टीने बघितलं, तर मलकापूर मुंबईतच येतं.